मार्तेदी म्हणजे मंगळवार

लिव्हिओ श्केर्ककडे एकच शब्द उरला आहे : मार्तेदी.
मंगळवार.
पाणी हवं, मार्तेदी. खिडकी लाव, मार्तेदी.
बायकोचं नाव विचारलं की तिच्याकडे बघतो, हसतो
आणि छातीठोकपणे सांगतो, मार्तेदी.
(झटका आला तो शुक्रवार होता.
आम्ही कॅलेंडर काढून बघितलं.)

एकतीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरात
कॉफीच्या पोत्याला लोखंडी नळी टोचून
मूठभर दाणे बाहेर काढायचा, हुंगायचा,
सांगायचा : हे बोटीत भिजलंय, परत पाठवा.
व्यापारी हुज्जत घालत. त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे.
कामावर इटालियन, तीही गोदीतली, शिवराळ.
घरी आईशी स्लोव्हेन, वरच्या पठारावरची.

आता तो माझ्या खोलीत बसलाय
आणि मी त्याला बदकाचं चित्र दाखवतेय.

पहिलं अक्षर मी द्यायचं, उरलेला शब्द त्यानं ओढून आणायचा.
या शहरात बोरा वारा सुटला की
पूर्वी रस्त्याच्या कडेनं दोर बांधत, धरायला.
चालायचं मात्र ज्याचं त्यानं.
किंवा शब्द गाऊन काढायचा, डाव्या हातानं ठेका धरून :
गाणं म्हणे मेंदूत दुसऱ्या मजल्यावर राहतं,
तिथवर आग पोचलेली नाही.
किंवा खाणाखुणा बंद. रोज तीन तास, फक्त तोंडानं.
हा उपाय मला आवडत नाही.
आकडे त्याचेच चांगले आहेत.

ओरिएता विचारते, यातलं चांगलं कुठलं?
मी निबंध वाचलेत. चौदा माणसं, नऊ माणसं,
एकात तर एकच बाई, तीही मधेच गाव सोडून गेलेली.
सगळ्यांची मिळून एक सरासरी.
सरासरी माणूस माझ्या दारातून आजवर आत आलेला नाही.

आणि कुठल्या भाषेत?
बहीण मिलोय्का म्हणते, आईच्या.
बायको म्हणते, आमच्या.
कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोघी, दोघींच्या मांडीवर पर्सा,
मध्ये मी, जणू वाटणीला बोलावलेली पंच.

तिसऱ्या खेपेला ओरिएतानं मशीनची कॉफी आणली.
लिव्हिओनं कप नाकाशी नेला.
मग डाव्या हातानं हवेत नळी टोचली,
दाणे तळव्यावर घेतल्यासारखं केलं,
आणि दाराकडे बोट :
परत पाठवा.
ओरिएता इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

हे हात मी बांधणार होते.

संध्याकाळी मी सगळे उपाय चित्रं काढून त्याच्यासमोर मांडले.
इतक्या आठवड्यांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं,
विचारून उत्तर काय येणार ते ठाऊक होतं म्हणून.
त्यानं बदक उलटं ठेवलं.
गाण्याच्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं, बाजूला सारलं, टाकलं नाही.
मग माझं पेन घेऊन एक काउंटर काढलं,
काउंटरवर काचेचा छोटा पेला, पेल्यावर फेस.

म्हणजे भाषाही ठरली. बारमधली.
मिलोय्का रडली नाही. म्हणाली,
गाणं मी नेते. रविवारी.

सात आठवडे तीनच शब्द.
ओरिएतालाही गृहपाठ : तो अडला की गप्प राहायचं,
मनात दहा मोजायचे, वाक्य पुरं करून द्यायचं नाही.
लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या बाईला
याहून अवघड व्यायाम मी दिलेला नाही.

काल गेलो. दारात बोरा, काउंटरवर गर्दी.
कापो, म्हणाला तो.
थांबला. मागच्या माणसानं घसा खाकरला.
ओरिएतानं ओठ दाताखाली धरला.
मी अकरापर्यंत मोजलं.
इन बी.

पेला आला. पोऱ्यानं विचारलं, आणखी काही?
लिव्हिओ म्हणाला, मार्तेदी.
बरं, पोऱ्या म्हणाला, मंगळवारी भेटू,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फॉर्मवर निकालाचा रकाना आहे, दोन बोटांएवढा.
अजून कोरा आहे.