शून्याच्या खाली

सकाळी सात, संध्याकाळी पाच.
जुरुआ नदीच्या वळणावर
काठापासून पात्रापर्यंत ओळीनं रोवलेल्या पट्ट्या,
पांढऱ्या, त्यांवर काळे आकडे,
आणि ते वाचायला फ्रान्सिनेती:
पायात लेकाचे रबरी बूट,
कानामागे पेन्सिल.

पेन का नाही, विचारलं तर म्हणते,
शाई इथल्या कागदावर ठरत नाही.
हवाच इतकी ओली
की मीठ वाटीतल्या वाटीत पाझरतं,
काडी पेटायच्या आधी तीनदा रुसते,
आणि लग्नातल्या फोटोत
अबेलिनूच्या गुळगुळीत चेहऱ्यावर
बुरशीनं कधीच दाढी उगवली.

उन्हाळा, हिवाळा हे शब्द इथेही आहेत,
पण ते उन्हाचे नाहीत नि थंडीचे नाहीत.
पाणी चढलं की हिवाळा, उतरलं की उन्हाळा.
घाम दोन्हीकडे तोच.
नाही म्हणायला, जूनमध्ये एखाद्या रात्री
दक्षिणेकडून गार वारा येतो,
तीन दिवस पाहुण्यासारखा राहतो.
अख्खं गाव असतील नसतील ते कपडे चढवून
चुलीला चिकटतं; मासेसुद्धा
गळाला तोंड लावत नाहीत.
चौथ्या दिवशी परत घाम.
सगळ्यांना हायसं वाटतं.

दुपारचा पाऊस आधी ऐकू येतो,
पलीकडच्या काठावर,
कुणी पत्र्यावर तांदूळ ओतावेत तसा.
तो नदी ओलांडेपर्यंत
दोरीवरचे चार टॉवेल आणि एक चादर काढून होते.
पाचवा टॉवेल भिजतोच.

ज्या वर्षी पाणी घरात आलं
त्या वर्षी तिनं फळ्यांची दुसरी जमीन घातली,
मग तिसरी. छप्पर होतं तिथंच.
दोन महिने वाकून चालली,
वाकूनच कसाव्याचं पीठ भाजलं.
कोंबड्या माळ्यावर, गाय तराफ्यावर,
आणि आकड्यासाठी बाहेर जायलाच नको,
खिडकीतून हात काढला की पट्टी.
हसत सांगते हे. हात कमरेवर.

यंदा पाणी एकेक पट्टी सोडत गेलं,
जिना उतरणाऱ्या माणसासारखं,
मागे न बघता.
जंगल कुठंतरी जळत होतं, आकाश दुधट.
पाऊस आला म्हणून कान द्यावा
तर नुसती पानं गळत असायची.
सप्टेंबरात शेवटच्या पट्टीचं शून्य
चिखलात उघडं पडलं.
रेडिओवर मानाउसचा पोरगा म्हणाला,
'शून्य कसं? नदी आहे ना अजून?'
'आहे. पट्टीला दिसत नाही.'
तक्त्यात शून्याच्या खाली रकाना नव्हता.

नवी पट्टी रोवायला ती खाली उतरली,
जिथं तिच्या हयातीत
कुणाचं पाऊल पडलं नव्हतं.
कासवाची पाठ म्हणून पहारीनं टोकरलं,
तर लोखंड.
बोटीचं इंजिन. झाकणाला निळा रंग,
अबेलिनूनं स्वतः दिलेला,
ओघळासकट.

हेच ते.
अकरा वर्षांपूर्वी रातोरात गेलेलं,
धाकट्या भावानं, वाल्दिरनं, विकलं
असं अबेलिनू मरेपर्यंत म्हणत राहिला ते.
वाल्दिर वळणापलीकडे राहायला गेला तो गेलाच,
मातीलाही आला नाही.
कडीत अजून दोराचा तुकडा होता, कुजका.
कापलेला नव्हे. गाठ सरकलेली.
गाठ अबेलिनूचीच,
डावखुरी.

ती चिखलात बसली बराच वेळ.
मग उठून पट्टी ठोकली.
पाच वाजले होते.
तक्त्याखाली हातानं रेघ ओढून लिहिलं:
उणे बेचाळीस.
शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सातचा आकडा लेकावर सोपवून
ती पायीच निघाली, पात्रातून,
वळणापलीकडे.
पाणी असतं तर होडीनं वीस मिनिटं.
पाणी नव्हतं, दुपार झाली.
बूट लेकाचे, मोठे;
दर पावलाला तळ त्यांना धरून ठेवायचा,
आणि ती उपसून पुढे.