एकेरी अवतरणचिन्हांत

तार्तूत नोव्हेंबरअखेर साडेतीनलाच दिवे लागतात.
उर्वे लोहमुस खिडकीकडे पाठ करून बसते
आणि दिवसभर एका चोखंदळ यंत्राला
चुका खाऊ घालते.
सी भाषेतल्या चुका. बारीक, मुद्दाम घडवलेल्या,
निवडलेले खडे पुन्हा तांदळात टाकावेत तशा.
बघायचं इतकंच, की याच्या दाताखाली येतात का.

आजची पाळी अक्षरांची.

आधी 'A'. यंत्र गप्प. ठीक.
इथे A म्हणजे पासष्ट,
अक्षराच्या कपड्यात हिंडणारा आकडा.
हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही.
मग '0' आणि '\0'.
एक शून्य अठ्ठेचाळीस भरतं,
दुसरं खरोखरच शून्य,
मजकुराच्या शेवटी दिवा मालवायला उभं.
मग नुसतीच दोन चिन्हं, मधे काही नाही.
यंत्र ओरडलं. ओरडायलाच हवं होतं,
रिकाम्या खोलीत कुणाला हाक मारणार?
मग 'ab'. यंत्र कुरकुरलं: एकाच्या जागेत दोघं.
उर्वेनं हिरवी खूण केली, गार कॉफी संपवली.

एकेचाळिसावी नोंद:
'õ'

तिच्या आडनावातलं दुसरं अक्षर.
जुन्या कोष्टकात ते उणे अकरा निघायचं,
जानेवारीतल्या सकाळीसारखं.
नव्यात त्याला दोन बाइट लागतात,
म्हणून यंत्र पुन्हा तेच म्हणालं,
एकाच्या जागेत दोघं.
किंमत पन्नास हजार एकशे एक.

अपेक्षित उत्तर हेच होतं. सकाळी तिनंच लिहिलेलं.
चाचणी पास.
तरी खूण करायला हात गेला नाही.

सारेमा बेटावरचे लोक हा स्वर उच्चारत नाहीत.
आदू काका, कुइवास्तूच्या फेरीबोटीवर दोरखंड सांभाळणारा,
फोन उचलून स्वतःचंच आडनाव
ओठांचा चंबू करून सांगतो: ö.
मुख्य भूमीवरचे हसतात. तो म्हणतो,
त्या वाऱ्यात तोंड उघडून दाखवा, मग बोला.

उर्वेनं बेचाळिसावी नोंद वाढवली, यादीत नसलेली.
'ö'
कुरकुर तीच, शब्दाला शब्द.
फक्त आकडा पन्नास हजार एकशे दोन.

बोटीनं जायला अर्धा तास लागतो.
इथे अंतर एकाचं.

तिनं दोन्ही नोंदी ठेवल्या
आणि काकाला फोन लावला.
आधी नुसता वारा आला,
मग ते आडनाव.