गाळणी

सूर गावातली सगळ्यात थंड खोली माझी.
सर्व्हरला उकडू नये म्हणून सोळावर एसी,
आणि मे महिन्यात मी स्वेटर घालून.
बाहेर धक्क्यावर अर्धं बांधलेलं गलबत
उन्हात फासळ्या उघड्या टाकून पडलेलं.
पोरं म्हणतात, सर, तुमचं बरंय.

माझं काम गाळायचं.
नऊशे साठ मुलं, चौसष्ट मशीनं
आणि एक यादी:
कोणते शब्द आत येऊ द्यायचे नाहीत.
दर गुरुवारी प्राचार्य कागद मागायचे.
किती अडवलं?
आकडा मोठा असला की खूश.
मीही व्हायचो, खोटं कशाला बोलू.

बहुतेक सगळं पोरकटच.
सातवीतलं कुणीतरी शिव्या शोधतं,
मल्याळम, उर्दू, तमिळ,
एकदा तर चक्क मराठी.
गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं मला.
कुणाला खेळाची चोरवाट हवी,
कुणाला उद्याची प्रश्नपत्रिका.

मग तो मंगळवार.
मशीन सतरा, चौथा तास, अकरा वाजून सहा मिनिटं.
मोडक्या इंग्रजीत:
पाठवलेला फोटो परत कसा घ्यायचा.
अडवलं.
त्यात एक शब्द होता, माझ्या यादीतला,
मीच एका दुपारी टाकलेला.
तो म्हणतो सगळ्यांना दाखवीन, आता काय करू.
अडवलं.
तीन मिनिटांत पाच वेळा,
दर वेळी शब्द जरा बदलून,
कुलूप लागलेल्या घराची
एकेक खिडकी ढकलून बघावी तसं.
पाचव्यांदा तर स्पेलिंगही हाताबाहेर गेलेलं.
आणि पाचही वेळा समोर माझी लाल पाटी:
'हे तुमच्या सुरक्षिततेसाठी बंद आहे.'
शुद्धलेखन तपासून लिहिली होती मी ती.

गुरुवारच्या बेरजेत ते पाचही धरले असते.

कँटीनमधला शमशुल चहा गाळत होता.
चोथा वर राहिला, वेलदोडाही वरच राहिला.
गाळणीला काय कळतं.

कोण कुठे बसतं तो तक्ता माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.
काढला, उलटा धरला,
आणि तसाच लिजी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.
म्हटलं, नाव तुम्ही वाचा.
मला कळलं तर मी वेगळं बघेन,
आणि मी वेगळं बघतोय हे त्या पोराला कळेल.
मॅडमनी चष्मा लावला. मी निघालो.
मुलगी होती की मुलगा,
आजवर मला माहीत नाही.
एवढं माहीत आहे
की घरून कुणीतरी आलं, पुन्हा आलं,
आणि जूनपर्यंत सतरावर रोज कुणी ना कुणी बसत होतं.

त्या रात्री इस्लामपूरला फोन लावला.
मनवा अकराची. स्क्रीनवरच वाढतेय माझ्यापुरती.
समजावत होतो: ओळख नसलेल्या माणसाशी
स्क्रीनवर बोलायचं ना...
आणि नेट गेलं.
तिकडे माझं तोंड तसंच उघडं राहिलं असणार,
कारण आवाज आला फक्त तिचा,
बाबा, तुम्ही अडकलात.

पाटी बदलायला तीन संध्याकाळी लागल्या.
किती वाक्यं लिहिली, खोडली,
प्रत्येकातून एक मास्तर बोट दाखवायचा.
शेवटी उरलं ते असं:
'हे पान उघडणार नाही.
पण काही झालं असेल, तर लॅबशेजारी थंड खोली आहे.
कुणी ओरडणार नाही.'

दाराला जुना सीपीयू लावून ठेवलाय, मिटू नये म्हणून.
प्राचार्य विचारतात, विजेचं बिल कसं वाढलं?
गार हवा सगळी कॉरिडॉरमध्ये जाते, खरं आहे.
सर्व्हर थोडा कुरकुरतो.
अजून तरी कुणी आलेलं नाही,
एक जण येऊन पाणी कुठे मिळेल विचारून गेला,
जरा जास्तच वेळ उभा राहून.

हल्ली मी स्वेटर घालत नाही.
समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवतो.
कुणी येऊन बसलंच,
तर थंडी वाजेल.