तिठ्यावरचा हिशोब

आमचं पंक्चरचं दुकान तिठ्यावर.
डावीकडे घाट, उजवीकडे खाडीवरचा साकव,
आणि बारा किलोमीटर पुढे दोन्ही रस्ते
एकाच पेट्रोलपंपासमोर भेटतात, काही न बोलता.

गाडी थांबायची. काच खाली यायची.
"बंदराला कुठून जाऊ?"
हुसेनचाचा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा शोधत असायचे,
मान वर न करता म्हणायचे, "घाटानं जा."
आणि मागच्याला, "साकवावरून. घाटात दरड आलीय."
एप्रिलातसुद्धा दरड.

एकदा एक बिवलकर तावातावानं परत आला:
"माझ्या मेव्हण्याला तुम्ही भलतंच सांगितलंत!"
"पोचलात ना दोघं?"
पोचले होते. पानं मांडायच्या आत.

शटर ओढताना मी विचारलं, खोटं कशाला?
चाचांनी जुनी ट्यूब फुगवून दाखवली:
"फुगा कुठे आला बघ.
रबर पातळ तिथे सगळी हवा धावते.
तिला कुणीतरी सांगायला नको?"

चाचा गेले त्याला सहा वर्षं झाली.
आता काच खाली येत नाही.

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे सव्वातीन.
चारशे फोन चारशे माणसांना
एकाच बाईच्या आवाजात म्हणाले:
उजवीकडे वळा. अकरा मिनिटं वाचतील.

खरं होतं ते.
पहिल्या तिघांपुरतं.

मग साकवावर समोरून साडेतीनची एसटी आली.
आरसे मिटले, दारं उघडेनात.
बांगड्यांच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी
थेंब थेंब खाडीत परत चाललं.
बँडवाले कठड्यावर बसून
नवरदेवाशिवायच वाजवू लागले, जरा वेळ, मग तेही थांबले.

तासाभरानं फोनांना कळलं. रेषा लाल झाली.
आणि तेच चारशे
मागे सरकत, शिव्या देत, एकदम
घाटाकडे वळले.
घाट लाल.
साकवावर एक बगळा,
आणि कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली.

डांबर तेवढंच होतं, रुंदीही तेवढीच.
उणं काय झालं
मला नीट सांगता येत नाही.

दिवेलागणीला एक पांढरी गाडी थांबली,
फोनची बॅटरी संपलेली.
काच खाली आली. "बंदराला कुठून?"

पुढची गाडी कुठे वळली ते मी पाहिलं,
हात फडक्याला पुसले,
आणि दुसरीकडे बोट केलं.
"तिकडे दरड आलीय," म्हणालो.