कल्हई

दिवाळ्याच्या जेट्टीवर चांगुणाबायच्या काट्याखाली
टेकण म्हणून एक खापरी असते.
परवा मी ती उचलून बघितली, आणि काटा कलला.
"तिथंच ठेव रं," ती म्हणाली. "चिंबोरीच्या बिलान गावली. फुकटची."

एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात
बेसिनं तपासली मी. टिचकी मारायची, कान द्यायचा,
बद्द वाजलं की खडूची फुली.
सवय जात नाही. हिलाही टिचकी मारली.
बद्द.

मोडलेल्या कडेला माती पिवळट,
आणि तिच्यावर पांढरं, सायीइतकंच जाड.
म्हणजे चिनी नव्हे.
चिनी आतूनही पांढरी असते.

कथील आहे हे. कुणीतरी मातीला कल्हई केली.

सिराफकडचा कुणी कुंभार, नाव कशाला देऊ,
गलबतातून उतरलेला पांढरा वाडगा हातात घेऊन
बायकोला म्हणाला असेल, ही कुठली माती?
आणि ती म्हणाली असेल, आपल्याकडची नाही.
मग त्यानं काठ तसाच वळवला, बूड तसंच बसकं,
पांढरं मात्र वरून चढवलं.
तरी मन भरेना.
तेव्हा डोंगरातल्या काळ्या दगडाची पूड कालवून
मधोमध एक फूल काढलं.
भट्टीतून ते निळं निघालं, कडेनं पसरलेलं,
धुतल्या धोतरावर शाई सांडावी तसं.

मी फुली मारली असती. रंग फुटलाय, आणि आत
भट्टीतल्या तिकटीचे तीन डाग.
आमच्याकडे इटलीचा कॅटलॉग यायचा,
साहेब म्हणायचे, हुबेहूब पाहिजे, शेवाळे, हुबेहूब.
हुबेहूब नसे त्याचा चुरा व्हायचा.

पुढे म्हणे चीनचे लोकच तो निळा मागायला आले.
हे खात्यातल्या म्हाताऱ्या केमिस्टनं सांगितलेलं, सोराबजींनी,
चहाची बशी उलटी धरून.
तेव्हा मी घड्याळ बघत होतो.

आईची लोणच्याची बरणी खुर्ज्याची.
मरेपर्यंत ती तिला चिनी मातीचीच म्हणाली.

"घ्याचा हाय का काय?"
मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं,
भरतीचं पाणी दुसऱ्या पायरीवर.
फूल खाली घालावं की वर, घोटाळलो जरा.
दोन्हीकडून दिसणार नव्हतंच.
वर ठेवलं.

काटा सरळ झाला.
तिनं अर्धा किलो बोंबील तोलले
आणि वर एक टाकला.