रीळ उशिरा पोचलं

चूक माझीच. सुरतेहून निघालेली जरीची रिळं
दुबईच्या गोदीत अडकली,
आणि मी मनामाच्या बाजारामागे, तिच्या दारात, रिकाम्या हातांनी.
मसूदाबाई म्हणाली, "आधी चहा घे."
काळं वाळकं लिंबू घातलेला. जीभ आकसली.

झग्याची किनार एकटीच्या हातची नसते.
बायका जमिनीवर बसतात, बोटाबोटांत धागे अडकवून,
एकीनं उचलायचा, दुसरीनं ओलांडायचा,
मधे मसूदा, सुई घेऊन;
प्रत्येक ओलांडणीला एक टाका.
पूर्वी यातल्या तिघी तिच्याच नात्यातल्या होत्या.
त्या लंडनला गेल्या.
आता शेजारची मोझा, तिची जाऊ,
आणि लुलवा, जिच्या लग्नाचा हा झगा.
नवरीनं आपली किनार आपण विणू नये म्हणतात.
पण बोटं कमी पडत होती.

मसूदाची अबाया आणि मोझाची अबाया
दोरीवर वाळताना मला कधीच वेगळी ओळखता आली नाही.
मोझाला यायची.
मसूदाच्या गळ्याशी, आतून,
निळ्या दोऱ्याची गाठ होती, दृष्ट लागू नये म्हणून.
पुढे मोझानंही तशीच घातली. मग दोघींचे घोळ.

शुक्रवारी मगरिबची बांग व्हायच्या आत सुई खाली.
धागे तसेच खिळ्याला.
मी म्हणालो, आमच्या रेवदंड्याला असेच लोक होते,
शनवार तेली. त्या दिवशी घाणा गप्प, बैल उभा.
ती हसली. "आमच्यात तेली?
आणि बैलाला कळायचं, शनिवार आहे ते?"
"बैलालाच आधी कळायचं."

शनिवारी तीन तारे दिसले
तेव्हा तिनं पेटी उघडली.
आईचा इझार, बसऱ्याचा,
डोक्यापासून पायांपर्यंत घ्यायचा, काठाला जरीनं जड.
तो दिव्याखाली धरला, हुंगला,
आणि एका टोकापासून उसवायला बसली.

मोझानं तिचं मनगट धरलं. भराभर काही बोलली;
मला "आई" एवढाच शब्द कळला.
मसूदा म्हणाली, "आई शिवणकाम करायची.
ती असती तर मंगळवारीच उसवला असता."

निघालेली जर तिनं सिगारेटच्या पाकिटावर गुंडाळली.
सरळ होईना. वेणी सोडलेल्या केसांसारखी नागमोडी.
लुलवाच्या झग्यावर उजव्या खांद्यापर्यंत सुरत आहे,
तिथून पुढे बसरा, जरा काळपट.
लग्नात कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणतात.
मी दाराबाहेर होतो, बिर्याणीच्या रांगेत.

माझी रिळं सतरा दिवसांनी आली.
तिनं पैसे पुरे मोजले, एक शब्द न बोलता,
आणि रिळं पेटीत ठेवली, इझारच्या घडीवर.
गुंडाळीचा गुजराती पेपर तेवढा बाहेर काढला,
गुडघ्यावर घासून सपाट केला, माझ्यापुढे धरला: वाच.
डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं. निम्मीच लागली.
"तेलाचे भाव," मी म्हणालो.
"कुठल्या तेलाचे? तुझ्या बैलाच्या, की इथल्या जमिनीतल्या?"
नेमका तिथेच कागद फाटला होता.