तारा

कारूच्या माळावर कुंपणाच्या तारा ओढायच्या,
याकॉप क्लूटीचं चाळीस वर्षं हेच काम.
टेकडीवर दुर्बिणीचा पांढरा घुमट.
तिथली एक बाई परवा पाणी मागायला थांबली,
तेव्हा त्यानं पक्कड खिशात घातली, बोट वर केलं:
ह्याचा मधला खांब कुठला?

मधला नाहीच, ती म्हणाली.
समजा, तुमची तार सगळीकडून सारखीच लांबतेय,
तर ज्या खांबाला विचाराल तो म्हणेल,
मी इथंच आहे, बाकीचे चालले.
आणि टोक?
ते कुणी पाहिलेलं नाही.
दिसतं तेवढ्याचाच आकडा तिनं वाळूत काढला;
निम्मी शून्यं मेंढरांनी तुडवली.

याकॉप हसला.
बिनटोकाचं कुंपण! मजुरी कोण देणार?

रविवारी पर्थहून फोन.
"फार लांब गेलीस गं, एल्मारी."
आवाज समुद्र ओलांडून परत येईतो
पवनचक्की दोनदा कुरकुरली.
"मी कुठं गेले, पा? मी इथंच,
सकाळपासून ओट्याशी उभी आहे.
लांब तर तुम्ही आहात."
तिच्याकडे नळ वाहत होता.
बंद कर, एवढंच तो म्हणाला.

रात्री उगाच कुंपणाकडे गेला.
वर तारा, हाताशी तारा.
एकीला नखानं छेडलं.
झणकार डावीकडे गेला, उजवीकडेही,
आणि दोन्हीकडून काही परत आलं नाही.

सतरावा खांब आतून कुजलाय.
सकाळी बदलायला हवा.